घरावरून जाणारी शर्यत

संघात तिला सगळ्या ‘पाणकी’ म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. सायकलच्या शर्यतीत जिंकायचं एकीनं आणि बाकीच्यांनी तिच्यासाठी घाम गाळायचा, अशी रीत. हिनं मागे पडून संघाच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, पाठीवर, पोटाशी, जर्सीत मावतील तिथे कोंबायच्या आणि धापा टाकत पुन्हा घोळका गाठायचा. एकेका नावाजलेल्या बाईला जिंकवून ही मागून निवांत यायची. काम चोख, पगार वेळेवर, झोप गाढ. आणखी काय हवं माणसाला?

एकच रुखरुख होती. तिचे बाबा इस्त्रीचं दुकान चालवत. ते दर शर्यत टीव्हीवर डोळ्यांत तेल घालून बघत, पण कॅमेरा पुढच्यांवर, त्यामुळे लेक काही दिसत नसे. निदान एकदा बाबांनी आपल्याला सगळ्यांच्या पुढे पाहावं, असं तिला फार वाटे.

निवृत्तीच्या वर्षी शर्यतीचा रस्ता नेमका दुकानावरून गेला. घोळक्यात एक जुना संकेत आहे: जिचं गाव येईल तिला पुढे सोडायचं, ती घरच्यांना भेटेपर्यंत कुणी जोर लावायचा नाही. आणि तिनंही संधी साधून पळायचं नाही. कप्तान म्हणाली, “जा गं पाणकी, भेटून ये.”

वळणावरून ती एकटीच आली. बाबा गरम इस्त्री तशीच टाकून दारात उभे. आत कुणाची तरी पँट करपत असणार. तिनं ब्रेक दाबला तसे ते हबकलेच.

“अगं, थांबतेस काय? पहिली आहेस तू. पळ.”

“बाबा, भेटायला आलेय.”

“भेटू रविवारी. पळ म्हणतो ना.” सीटला धरून त्यांनी तिला ढकललंसुद्धा.

पळावं असं क्षणभर तिलाही वाटलं. पण शब्द तो शब्द. ती उतरली आणि त्यांना बिलगली. “मी पहिली नाहीये, बाबा. त्यांनी सोडलं म्हणून पुढे आले.” सांगताना तिला रडू फुटलं.

बाबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात घोळका आला, गप्पा मारत, रमतगमत. कुणी हात हलवला, कुणी “नमस्कार काका” म्हटलं.

“ह्या सगळ्या तुझ्यासाठी हळू चालल्यात?”

“हो.”

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “टीव्हीत दिसायची नाहीस. मला वाटायचं, तू मागे एकटीच राहतेस.”

मग त्यांनीच तिला सायकलवर बसवून ढकललं, आणि ती घोळक्यात मिसळून गेली.