मावसाजींच्या गॅरेजचं दार

घरात मोटार नसताना मोटारीच्या दाराची इतकी सेवा करणारा दुसरा माणूस नागपुरात झाला नाही आणि होणारही नाही, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो. ज्यांना शंका असेल त्यांनी खुशाल पुढे यावं. माझे मावसाजी खापरखेड्याच्या वीजघरात स्टोअरकीपर होते. नंदनवनात त्यांनी घर बांधलं, तेव्हा सगळ्यांत आधी गॅरेज उभं राहिलं, मग स्वयंपाकघर, आणि न्हाणीघराची पाळी आली तोवर भिंतींना विटा उरल्या नव्हत्या. मावशी कित्येक महिने तट्ट्याच्या आडोशाला आंघोळ करत होती, पण गॅरेजला मात्र कडी, कोयंडा, पितळी बिजागऱ्या आणि हिरवा ऑइलपेंट. आत मोटार नव्हती. मोटार घेण्याची ऐपत नव्हती, आणि चालवता तर त्यांना शेवटपर्यंत आली नाही.

लोक हसत. हसण्याचं कारणही होतं, पण त्यामागची गोष्ट ऐकून मग हसावं. मावसाजींची आई लग्न होऊन सासरी आली तेव्हा गावाच्या वेशीवर वऱ्हाडाची बैलगाडी अडवली गेली. तुमच्या लोकांनी गाडीत बसून गावातून जायचं नाही, असं सांगितलं गेलं. नवरी खाली उतरली आणि हळदीच्या पायांनी, मोठ्या घरांच्या मागच्या चिखलातून चालत घरी गेली. अडवणाऱ्यांचे नातू आता सभांतून समतेवर भाषणं ठोकतात, पण तो आमच्या चळवळीच्या वेगळ्या पत्रकाचा विषय आहे. छप्पन्न साली मावसाजींनी आईबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येताच जाहीर केलं की आपली मुलगी आपल्याच गॅरेजातून निघालेल्या मोटारीत बसून सासरी जाईल. मुलगी तर सोडाच, तेव्हा त्यांची सोयरीकही जमली नव्हती.

आता दाराविषयी. सागवानाच्या विदर्भात राहून या गृहस्थानं दार केलं ते खोक्यांच्या लाकडाचं. वीजघरात परदेशातून मशिनं यायची, त्यांची खोकी लिलावात निघायची. त्या फळ्यांवर ‘ही बाजू वर’ असं सांगणारा ठसठशीत बाण होता आणि मावसाजींच्या दारावर तो बरोबर जमिनीकडे रोखलेला होता. हिरव्या रंगाचे कितीही हात दिले तरी बाण वर यायचाच. हे लाकूड पाण्याचं इतकं शौकीन की आषाढ लागला की ते फुगून चौकटीत रुतून बसे. मग मावसाजी रंधा घेऊन कडा तासत, मेणबत्ती घासत, एरंडेल पाजत. वैशाखात तेच लाकूड सुकून इतकं आकसे की फटीतून मांजर आरामात ये-जा करी. मग मावसाजी कडेला नवी पट्टी ठोकत. पावसाळ्यात तासायचं, उन्हाळ्यात जोडायचं, हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षं चालवला. यातलं एक काम बंद केलं तर दुसरं आपोआप बंद होईल, असं मी त्यांना तर्कशुद्धपणे समजावलं होतं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाले, “तू पत्रकं लिही गा. लाकडाचं तुले समजत नाही.”

पावसाच्या दिवसांत त्यांच्या घरी गेलं की ते दाराला कान लावून उभे दिसत. बोलायला जावं तर बोट ओठांवर. “ऐक, पाणी पिऊन राहिलं.” झड लागली की ते दारावर छत्री धरत आणि स्वतः भिजत. गॅरेजात दमट हवा राहू नये म्हणून मोठा बल्ब रात्रंदिवस जळे, आणि मावशी मात्र चूल कंदिलाच्या उजेडात सारवी. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी तेलाची कुपी असे. एकदा आम्ही एका घरी सांत्वनाला गेलो होतो. येणाऱ्या-जाणाऱ्यामागे दार असं किंचाळायचं की रडणाऱ्यांचं रडू मध्येच थांबायचं. मावसाजी दोन शब्द बोलले, उठले, बिजागरीत तेल सोडलं आणि पुन्हा येऊन मान खाली घालून बसले. त्या घरची म्हातारी पुढे अनेक दिवस सांगायची की सगळ्यांनी धीर दिला, पण कामाचा एकच माणूस आला होता. मावशीचं मत वेगळं होतं. ती म्हणे, “दाराले पाजलं तेवढं तेल माह्या केसाले लागलं असतं तं मी आज शाळेतली पोरगी दिसली असती.”

यथावकाश सुजाताचं, म्हणजे मावसाजींच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. मुलगा उमरेडकडचा, शाळामास्तर, हुंड्याचं नाव न काढणारा. मोटार अर्थातच आलेली नव्हती. मावसाजींनी भाड्याची पांढरी मोटार ठरवली, पण अट अशी घातली की ती लग्नाच्या आदल्या दिवशीच यावी आणि रात्रभर गॅरेजात राहावी. एक रात्र आपल्या घरी मुक्काम केला की मोटार घरची होते, असा त्यांचा सिद्धांत. शिवाय पाहुण्यांना फट दिसू नये म्हणून त्यांनी आठवड्याआधीच दाराला चांगली जाड पट्टी ठोकली होती. वैशाख होता, नियमानं बरोबरच होतं. संध्याकाळी मोटार आत गेली, दार लागलं, कडी बसली. मावसाजी अंगणात खाट टाकून पडले आणि त्या रात्री नागपूरवर अवकाळी पाऊस कोसळला.

सकाळी मांडव गळत होता, गल्लीत पोटरीएवढा चिखल होता (नंदनवन हे नाव ज्यांनी ठेवलं आणि जे तिथला कर घेऊन नाल्या बांधत नव्हते, त्यांना एकदा त्या चिखलात उभं करायला हवं होतं) आणि गॅरेजचं दार दगडासारखं बसलं होतं. लग्न वेळेवर लागलं. पांढऱ्या साडीतल्या सुजातानं वंदना म्हटली, हार घातले गेले, जेवणं उरकली. तोवर मावसाजी दर थोड्या वेळानं मागे जाऊन दाराला कान लावून येत. ऊन पडू द्या, दार श्वास सोडते, असं ते सगळ्यांना सांगत होते. ऊन काही पडलं नाही. ड्रायव्हरनं लाथा घातल्या, वऱ्हाडातल्या पैलवान मंडळींनी कडी धरून ओढली तेव्हा कडीच हातात आली. नवरदेवाच्या काकांना घरी पोचायची घाई होती. त्यांनी विचारलं, “व्याही, मोटार खरंच आत हाय, का नुसतं दारच दाखवून राहिले?” मांडवात हशा पिकला. मी त्यांना चार शब्द सुनावणार होतो, पण मावशीनं माझं मनगट धरलं.

कुणी म्हणालं रिक्षा आणा, पण चिखलात रिक्षा गल्लीत शिरायला तयार नव्हती. तेव्हा सुजाताच पुढे आली. बापाचा चेहरा तिला बघवत नव्हता. ती म्हणाली, “राहू द्या ना बाबा. कोपऱ्यापर्यंत मी पायी जाईन. तिथून भेटते रिक्षा.” आणि तिनं खरोखरच साडी किंचित वर धरली.

मावसाजी तिच्या पायांकडे बघत राहिले. मेंदी होती, हळद होती. मग ते घरात गेले आणि सब्बल घेऊन आले. ती जाड लोखंडी पहार त्यांनी पहिल्या बिजागरीखाली घातली तेव्हा मावशीच पुढे धावली. ती, जी इतकी वर्षं त्या दाराला शिव्या देत होती. म्हणाली, “अजी, दार हाय ना ते तुमचं. थांबा ना थोडं.”

“दार काहून बनवलं होतं वं?” एवढंच ते म्हणाले, आणि अंगाचा सगळा भार सब्बलीवर टाकला.

पितळी बिजागऱ्या एकेक करून उखडल्या. दाराचे दोन्ही पल्ले खाली घ्यायला मी, ड्रायव्हर आणि नवरदेवही लागलो. पाणी पिऊन ते भलतेच जड झाले होते. उघड्या कडेला पट्टीवर पट्टी अशा थरांची चळत दिसत होती. मोटार बाहेर काढली तर चिखलात रुतणार, हे उघड होतं. मावसाजींनीच ते दोन्ही पल्ले फाटकासमोर आडवे टाकायला लावले. मागे पडलेला पल्ला आम्ही उचलून पुन्हा पुढे टाकत गेलो, आणि त्या हिरव्या फळ्यांवरून मोटार हळूहळू गल्लीतून रस्त्याकडे सरकली. मागच्या सीटवर सुजाता गॅरेजातच चढून बसली होती आणि साडीवर चिखलाचा थेंब नव्हता. मावसाजी मोटारीच्या बाजूनं कोपऱ्यापर्यंत चालत गेले. काचेवर हात ठेवून, जणू तेच गाडी हाकत होते.

दार त्यांनी पुन्हा बसवलं नाही. लोखंडी शटरवाले येऊन गेले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. त्या पावसाळ्यात ते उघड्या गॅरेजात खुर्ची टाकून बसत आणि पाऊस आत येऊ देत. एका दुपारी मीही तिथे बसलो होतो. मोर्चाची परवानगी नाकारणाऱ्या साहेबांविषयी तावातावानं बोलत होतो आणि ते हं हं करत होते. तेवढ्यात कोपऱ्यावर सिटीबस थांबली आणि सुजाता उतरली, लग्नानंतर पहिल्यांदाच. पिशवी खांद्याला, चपला हातात, आणि ती सरळ चिखलातून चालू लागली. मावसाजी छत्री घेऊन जवळजवळ धावलेच. मी मागे होतो.

“रिक्षा काहून नाही केली वं? पायी काहून आली?” ते खरंच चिडले होते.

ती हसली. “कोणी उतरवलं नाही बाबा. माह्या मनानं आली.”

मावसाजींनी तिची पिशवी घेतली, छत्री तिच्या डोक्यावर धरली आणि दोघं रस्त्याच्या अगदी मधोमध, कडेला न सरकता, घराकडे निघाले. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत राहिला. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

मावसाजी आता नाहीत. त्या गल्लीचा रस्ता आम्ही भांडून, अर्ज देऊन, घोषणा देऊन डांबरी करून घेतला. चांगलंच झालं, व्हायलाच हवा होता. पण पावसात तिथून जाताना माझी सायकल आपोआप हळू होते. तो चिखल थोडा तरी राहायला हवा होता, असं वाटतं. हे मी कुठल्याही सभेत बोलणार नाही.