पाण्याचा दुसरा हात

आमचे मामा रंगारी. त्यांच्या बोलण्यात हात म्हणजे खांद्याला लटकतो तो नव्हे. हात म्हणजे रंगाचा थर. पहिला हात, दुसरा हात, आणि घरमालक चिक्कू निघाला तर दीड हात. म्हणूनच पुढचा घोटाळा दुसऱ्या कुणाच्या घरात झालाच नसता.

मामीचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, कीमो सुरू झाली, आणि ऑपरेशनच्या बाजूचा हात खांद्याच्या वर जाईना. कीमो संपली की रेडिएशन होतं. तिथे यंत्राखाली हात डोक्यामागे घेऊन निजावं लागतं. हात गेला नाही तर रेडिएशन अडकणार, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने भिंतीवर बोटं चढवत कशी न्यायची तेही दाखवलं होतं. मामी तिथे मान डोलावून आली आणि घरी तिची बोटं चढली ती फक्त टीव्हीच्या रिमोटवर.

"रोज उठून हात वर करायला मी काय चोर आहे?" हे वर.

शेवटी त्या मुलीने मामांनाच फोन केला. मामांनी स्पीकर लावला.

"काका, एकटीला कंटाळा येतो. तुम्ही दोघं मिळून करा. भिंतीवर सकाळी दोन हात, संध्याकाळी दोन हात. सावकाश, आणि दुखलं की थांबायचं."

फोन ठेवून मामा भिंतीकडे बघत राहिले. "रोज दोन-दोन हात? अगं, पहिला वाळणार कधी?"

मामीला सगळं कळलं होतं. पण रंगकाम निघालं म्हणजे व्यायाम टळला. तिने माझ्याकडे बघून डोळे वटारले आणि मामांना म्हणाली, "मोठ्या हॉस्पिटलची माणसं. काहीतरी विचार करूनच सांगत असतील."

मी पेपरात डोकं घातलं.

रंगाचा वास मामीला सोसला नसता. म्हणून मामांनी बादलीत साधं पाणी घेतलं, दोन रोलर बुडवले आणि हलका होता तो मामीपुढे धरला. "दोघं मिळून, म्हणाली ना ती? ऊठ."

मामीचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पाण्याचा हात मारला की भिंत गडद व्हायची आणि बघता बघता पुन्हा कोरडी. त्यामुळे रोज नवं भांडण.

"काल माझा इथपर्यंत गेला होता!"

"पुरावा दाखव."

त्यात मामांचाही खांदा अचानक धरला. "वय झालं गं," म्हणत ते रोलर अर्ध्यातच थांबवायचे. मामीचा ओला पट्टा त्यांच्यापेक्षा बोटभर वर जायचा आणि ती फुशारायची, "आणि म्हणे रंगारी!" कीमोने पार आडवी केली असेल त्या दिवशी ती खाटेवरच पडून राहायची. मामा एकटेच पाणी फिरवायचे. ती डोळे मिटलेलीच असायची, पण मधूनच आवाज यायचा, "डावीकडे सुटलंय."

एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर मामा टाचा उंचावून माळ्यावरचा डबा काढत होते. त्याच धरलेल्या खांद्याने.

"खांदा धरलाय ना?"

डबा डोक्यावर तसाच धरून मामा म्हणाले, "आत्ताच सुटला."

"लबाड माणूस! म्हणजे इतके दिवस मी हरवत होते कुणाला?"

तिने बादलीतला रोलर उचलला आणि रागारागाने भिंतीवर चढवला. ओला पट्टा मामांच्या नेहमीच्या खोट्या उंचीच्या वर गेला, अजून वर गेला आणि कॅलेंडरच्या खिळ्याला जाऊन टेकला. पाणी तिच्या बाहीतून कोपरापर्यंत ओघळलं.

"आई गं!"

"अगं, खाली घे आता!"

"आधी नीट बघून घ्या. नंतर म्हणाल, पुरावा कुठाय."

मामांनी कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारली. रेघ जरा वाकडी आली. मामांची रेघ वाकडी आलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

व्यायामवाल्या मुलीला फोनवर हे कळलं तेव्हा जोर लावल्याबद्दल ती आधी रागावली. मग रोलर कशासाठी, हे मामांनी समजावलं, तेव्हा हसताना तिच्या हातून फोनच पडला. हात म्हणजे भिंतीवर बोटं चढवून आणायची एक फेरी, हे तिने सांगितल्यावर मामा मामीकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

"मी पेशंट. मला काय माहीत असणार?"

रेडिएशनच्या पहिल्या दिवशी मामा आणि मी दाराबाहेर उभे होतो. मामा उगाचच स्वतःचा खांदा चोळत होते. आत मामीला यंत्राखाली निजवलं.

"काकू, हात डोक्यामागे. जेवढा जाईल तेवढा."

हात गेला. निमूट गेला आणि जागेवर टेकला.

"छान! आता अजिबात हलायचं नाही. वर बघत राहा."

मामीने वर बघितलं. दार लागता लागता तिचा आवाज बाहेर आला, "अहो, ऐकलंत का? छताला यांनी एकच हात मारलाय!"