बाबांच्या खिशातलं वायटांगीचं पान

१. सोमवारी ब्रिटिश राणीच्या वाढदिवसाची सुट्टी होती.
२. राणीचा खरा वाढदिवस एप्रिलमध्ये असतो. सुट्टी जूनमध्ये मिळते.
३. शनिवारी सकाळी सात वाजता आई, बाबा आणि मी हिल्सबरोहून गाडीने वायटांगीला निघालो.
४. त्याआधी दहा मिनिटं बाबांनी फ्रिजवर लावलेलं कौन्सिलचं पत्र वाचलं. जुलैत माझा इथल्या नागरिकत्वाचा समारंभ आहे. त्यात राणीशी निष्ठेची शपथ घ्यायची आणि नंतर भारतीय पासपोर्ट परत करायचा.
५. पहिले साठ किलोमीटर आई एकटीच रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होती.

बाबांनी तीस वर्षं पुण्यात नागरिकशास्त्र शिकवलं. सध्या आईबाबा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले आहेत.

उत्तरेकडे जाणार असाल तर लाँग वीकेंडला सातच्या पुढे निघू नका. रस्ता पुढे एकपदरी होतो आणि बोटी ओढणाऱ्या गाड्यांमागे अडकायला होतं. वाटेत कावाकावाला थांबा. तिथलं सार्वजनिक शौचालय रंगीत फरशा आणि बाटल्यांच्या भिंतींसाठी प्रसिद्ध आहे. आईने बाहेरून चार फोटो काढले. शेजारच्या बाकावर बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. तिथे बाबांनी तोंड उघडलं.

"कायदा कोण करतं इथे?"

"पार्लमेंट. राणीच्या नावाने सही गव्हर्नर जनरल करतात."

"सही नाकारली तर?"

"नाकारत नाहीत."

"म्हणजे आपल्या राष्ट्रपतींसारखंच. मग शपथ राणीची कशाला? घटनेची घ्या की!"

"एका पुस्तकात लिहिलेली घटना इथे नाही, बाबा."

"वीस मार्कांचा विषय म्हणून तू कधी पुस्तक उघडलं नाहीस. आणि आता घटनाच नसलेला देश शोधलास."

"अहो, पुरी घ्या," आई म्हणाली.

मी ईस्ट टामाकीत पॅकिंग मशीनच्या कंट्रोल सिस्टिम्सवर काम करते. आमच्या प्रत्येक पॅनेलमध्ये एक सेफ्टी रिले असतो, धोका दिसला की मशीन बंद करणारा. वर्षानुवर्षं तो काहीच करत नाही, पण तो काढून मशीन चालवायला कोणी धजत नाही. राणीचं मी तसंच समजत होते. बाबांना हे सांगितलं नाही. पटलं नसतं.

पाहियाला मोटेल घ्या, स्वयंपाकघर असलेलं. दूध-ब्रेड कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात मिळतं. वायटांगी तिथून समुद्राकाठाने चालत अर्धा तास.

रविवारी ऊन होतं, वारा थंड. हिरवळीवर खांब, त्यावर झेंडे, खाली निळी खाडी. इथे १८४० मध्ये माओरींच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या प्रमुखांनी तेव्हाच्या ब्रिटिश राणीच्या प्रतिनिधीशी करार केला. आमची गाईड मेरे ही माओरी बाई. तिने सांगितलं, की कराराच्या दोन भाषांतल्या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. आमच्या मशीनच्या कागदांत असं झालं तर काम त्याच दिवशी थांबतं. इथे त्यातून माओरींच्या जमिनी गेल्या आणि दीडशेहून जास्त वर्षं भांडण चालू आहे.

माओरी सभागृहात जाण्याआधी पाहुण्यांचा एक प्रमुख निवडावा लागतो. तीस पर्यटकांतून मेरेने बाबांना निवडलं. तिने बजावलं: भाला घेतलेला योद्धा समोर येऊन पान टाकेल, हसायचं नाही, नजर हलवायची नाही, पान उचलायचं. उचललं म्हणजे आपण शांततेने आलो.

योद्धा भाला घेऊन समोर आला तरी बाबा हलले नाहीत. वाकून पान उचललं, दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"अहो, प्रसाद नाहीये तो!" आई कुजबुजली.

योद्ध्याच्या ओठाचा कोपरा हलला. मला तरी तसं दिसलं.

कार्यक्रमानंतर मेरे हसत म्हणाली, "पान खिशात घालणारे पहिलेच प्रमुख तुम्ही."

"दिलेलं टाकायचं कसं?" बाबा म्हणाले. मग इंग्रजीत, वर्गात विचारतात तसं, "तुमची जमीन गेली. मग ही राणी अजून का ठेवली?"

मी खाली बघितलं. मेरे रागावली नाही.

"राग हीप्स आहे, ढिगाने," ती म्हणाली. "पण सह्या आमच्या पूर्वजांनी क्राउनबरोबर, म्हणजे राजगादीबरोबर केल्या. सरकारं दर तीन वर्षांनी बदलतात. शब्द क्राउनने दिला, तो मागायचाही क्राउनकडेच. उद्या क्राउनच काढून टाकलं, तर आधी मला सांगा, शब्द कोण पाळणार?"

"म्हणजे राणी मालकीण नव्हे. बांधलेली बाजू," बाबा म्हणाले.

"स्वीट ॲज," मेरे म्हणाली. इथल्या बोलीत म्हणजे अगदी बरोबर.

माझा रिले तिथेच बाद झाला. रिले कुणाला शब्द देत नाही.

सोमवारी परतीला पाच तास लागले. बाबा बहुतेक वेळ झोपले होते, किंवा तसं दाखवत होते. घरी आल्यावर आम्ही आमटी आणि हवामान यांवर बोललो. काल त्यांचं समारंभानंतरचं परतीचं तिकीट कन्फर्म करायला मी त्यांचा पासपोर्ट उघडला. आत ते पान होतं, सुकत आलेलं. मी ते होतं तिथेच ठेवलं.

बाबा, हा ब्लॉग तुम्ही रोज चहानंतर हॉलमधल्या कॉम्प्युटरवर वाचता, म्हणून इथेच लिहिते. मी शपथ घेणार आहे. ती कुणाशी आणि कशासाठी, हे मला आता सांगता येतं. समारंभाला दोन पाहुण्यांची नावं कळवायची आहेत. आईचं लिहिलं आहे. दुसरी ओळ रिकामी आहे. तुम्ही येणार की नाही, ते शुक्रवार, १५ जूनपर्यंत सांगा.