डोंग्याच्या पोटातला आवाज

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मी लग्न होऊन सासरच्या टोल्यावर, त्या छोट्या वाडीवर, आले तेव्हा उन्हाळा होता, म्हणून फसले. धानाच्या कोरड्या बांध्या आणि मध्ये उंचवट्यावर पंधरा-वीस घरं, इतकंच दिसलं. आषाढात एकीकडून तलाव, दुसरीकडून नाला चढतो आणि कार्तिकापर्यंत टोल्याचं बेट होतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग बाजार, दवाखाना, सौंदडचं स्टेशन, सगळं एका डोंग्यावर, अख्ख्या खोडातून कोरलेल्या होडीवर. तो डोंगा माझे सासरे, मामाजी, करत. जुना त्या साली कुजला होता आणि नवा पाऊस लागायच्या आत व्हायलाच हवा होता.

माझं माहेर अर्जुनीकडचं, शेतकऱ्याचं. डोंगा कसा होतो ते मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला पहिल्यापासून चौकशीची भारी खोड. पण सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नाही, ही एक अडचण. आणि पाण्याला लागेपर्यंत डोंग्याला बाईचा हात लागू द्यायचा नाही, ही दुसरी. मग मी स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसे आणि पदराआडून अंगणातलं काम बघत राही. तांदूळ इतके निवडले की खडे सापडेनासे झाले.

फुलं न देणाऱ्या म्हाताऱ्या मोहाचं ते खोड होतं. बाहेरून आकार देऊन झाला, मग मामाजींनी वाकसानं, आडव्या पात्याच्या हत्यारानं, आतून कोरायला घेतलं. मला कोडं पडलं: आत वाकलेल्या माणसाला तळ किती जाड उरलाय हे कळतं कसं? चार दिवसांनी उलगडलं. थोडं कोरलं की ते आतून बोटांनी ठोकत आणि कान लावत. लाकूड जाड असलं की आवाज बसका, पातळ झालं की मोकळा. बाजारात मडकं वाजवून घेतो तसंच. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी भात करपला.

मग मीही दारातून ऐकू लागले. एका दुपारी मागच्या टोकाकडचा आवाज मोकळा झाला. आता हात थांबेल म्हणून मी पाहत होते. त्यांनी कान लावला, मान हलवली आणि पुन्हा वाकस उचलला. आणखी दोन घाव. आता ठोकलं की रिकाम्या डब्यासारखं वाजत होतं. न राहवून मी म्हणाले, "मामाजी, थांबा." अंगणातल्या सगळ्यांच्या माना वळल्या, त्यांची नाही.

मी धावले आणि वाकस पडणार होता तिथेच तळहात ठेवला.

वाकस हवेतच थांबला. अंगणात बसलेले टोल्यातले जाणते उठून उभे राहिले. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, कपाळावर हात मारला. डोंगा बाटवला, आता बुडाला तर पाप कुणाच्या माथी, असं त्या मला बोलू लागल्या. मामाजींना शब्द कळले नसतील, पण तोंडं कळली. त्यांनी एक हात डोंग्याखाली घालून तळाला लावला आणि दुसऱ्यानं आतून ठोकलं. आतला ठोका खालच्या हाताला लागला असणार, इतका तळ पातळ होता.

ते गप्प राहिले असते तर दोष माझा ठरला असता आणि त्यांचं नाव राहिलं असतं. त्या ठोक्याच्या पारखेसाठीच चार गावचे लोक त्यांना बोलवायला येत.

"मले आयकू येत नाही," ते म्हणाले. "दोन सालापासून कमी कमी होऊन राहिलं. अंदाजानं हात चालवून राहिलो होतो. तिनं हात नसता ठेवला त तळ फुटला असता."

जाणते खाली बसले. तिथे पुढे एकही घाव पडला नाही, आणि तो डोंगा बरेच पावसाळे चालला. पण त्या घटकेला मला भीती वाटत होती ती आत्याबाईंची. म्हातारा मुद्दाम उत्तर देत नाही, हे त्यांचं गाऱ्हाणं मी आल्यापासून रोज ऐकत होते. त्या डोंग्यापाशी आल्या आणि सगळ्यांदेखत नवऱ्याला म्हणाल्या, "मले कायले नाही सांगतलं? मी समजून राहिली होती, तुमी माह्यावर रुसले."

तेही त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ती काय म्हणते म्हणून. मी पदर सावरला आणि आत्याबाईंचं बोलणं, अख्ख्या टोल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, सासऱ्यांना सांगितलं.