विहिरीतलं कासव

सासरच्या विहिरीत एक कासव होतं. पाणी निर्मळ राहावं म्हणून मामंजींनी विहीर खोदली तेव्हाच ते आणून सोडलं होतं. मी पाणी ओढायला गेले की भाकरीचा तुकडा टाकायची आणि ते वर यायचं. नव्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढताना ते टोपल्यातून वर आलं. डोळे सुजून मिटलेले, पाठ अंगठ्याने दाबली तर दबत होती. मामंजींचा चेहरा उतरला. विहिरीतलं कासव मरणं घराला अशुभ. मला शुभाशुभाशी देणंघेणं नव्हतं, मला ते जगायला हवं होतं.

बैलांची दमणी जुंपून वाशीमला ढोरांच्या दवाखान्यात गेलो. कासवावरचं ओलं पोतं सांभाळायला मला सोबत घेतलं होतं. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाला, "मले बैल समजते, म्हैस समजते. याचं मी काय करू?" कंपाउंडर म्हणाला, "पैनगंगेवर मासोळ्या धरणाऱ्या भोयाले दाखवा. त्यानं लई कासवं खाल्ली हायेत."

मामंजी मासळीच्या वासानेही नाक धरणारे. तरी गेले.

भोयाने कासवाची पाठ चाचपली, पापणी बोटाने वर केली.

"कुठं ठेवता याले?"

"विहिरीत."

"मंग रोग तोच हाय, मालक. तिथं ऊन कुठं पडते? रोज उनात ठेवा, बारीक मासोळ्या चारा. अन् परत त्या अंधारात टाकू नका."

मामंजी "बरं" म्हणाले. अंगणात घंगाळात रेती आणि पाणी घातलं. मासोळ्या तर ते स्वतः बाजारातून आणायचे, आणि सासूबाई तोंडाला पदर लावून आत जायच्या. मला हसू यायचं. दोनेक महिन्यांत डोळे उघडले, पाठ टणक झाली.

मामंजींचा आनंद गगनात मावेना. त्यांनी नारळ फोडला, कासवाला हळदकुंकू लावलं आणि विहिरीच्या काठावर टोपल्यात ठेवून टोपल्याला दोर बांधला. "आता आपल्या घरी जाईन बिचारं," म्हणाले.

भोयाचं बोलणं मीही ऐकलं होतं. सुनेने सासऱ्यांपुढे बोलायची रीत नव्हती, हे खरं. पण सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांच्या कानात सांगता आलं असतं. मामंजींनी दोर माझ्या हातात दिला, आणि मी तो हळूहळू खाली सोडत राहिले.