शंकेची पेटी

डोळे मिटा. मनगटात बसेल एवढं रबराचं एक कडं तुमच्या हातात आहे असं समजा. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून ते हळूहळू फिरवत न्या. वरून ते गुळगुळीतच आहे, शोधायचंय ते आत: मोहरीएवढा हवेचा फुगा, न विरघळलेला एखादा कण. जोरात दाबलंत तर सगळंच सारखं लागतं, हलकं दाबलंत तर काहीच लागत नाही. चांगलं कडं उजवीकडच्या पेटीत, खराब डावीकडच्या. आणि बोट अडखळलं, पण कशाला ते कळलं नाही, तर?

माझी मावशी लग्नाआधीपासून हेच काम करते. कडी पाण्याच्या पंपात बसतात. तिच्या टेबलाखाली तिसरी एक पेटी असते, शंकेची, आणि शिफ्ट सुटायच्या आत ती रिकामी झालीच पाहिजे हा तिचा नियम. त्यातलं कडं पुन्हा एकदा फिरवायचं. शंका राहिलीच तर कात्री, कचकन. म्हणून कारखान्यात तिला सगळे कात्रीबाई म्हणतात, साहेबसुद्धा.

अंघोळ करताना डाव्या स्तनात तिचं बोट अडखळलं. सोनोग्राफी झाली, तीत धड काही कळेना. मग बारीक सुई घालून पेशी काढल्या, तर त्या पुरेशा निघाल्या नाहीत. ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा रिपोर्ट आला.

“डॉक्टर तळ्यात-मळ्यात खेळतायत,” काका म्हणाले. काका म्हणजे मावशीचे यजमान. घाबरले की त्यांना विनोद सुचतात.

डॉक्टरीणबाईंकडे मी सोबत गेले होते. त्या म्हणाल्या, “आता जाड सुईने छोटा तुकडाच काढू. त्यावरून नीट कळतं.”

“मग पहिल्यांदाच जाड का नाही घातली?”

“बऱ्याचदा बारकीवर भागतं, ताई.”

“आमच्याकडे शंका आली की कापतात,” मावशी म्हणाली. “काढून टाका.”

“गाठ?”

“सगळंच. एकदाचा प्रश्न मिटेल.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “कापल्यावर तुम्ही बघता का, आत काय होतं ते?”

“कशाला? भंगारात जातं ते.”

“मला आधी कळायला हवं. पुढच्या आठवड्यात या.”

पण शंकेची पेटी आठवडाभर भरलेली ठेवायची मावशीला सवय नव्हती. सकाळी उठल्यावर, कामावरून आल्यावर, अंथरुणाला पाठ टेकली की, तिची चिमूट तिथेच. चार-पाच दिवसांत तिचा फोन आला. “वाढली गं. वाटाण्याची लिंबाएवढी झाली. निळी पडलीये.” मग काकांनी फोन ओढून घेतला. “ती मला कुकर लावायला शिकवतेय. म्हणजे बघ, किती गंभीर आहे!” ते हसले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

आम्ही तिला तशीच घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, “दाबून बघत होता का?”



“दाबून?” काका म्हणाले. “कणीक तिंबावी तसं!”

“सुईमुळे आत थोडं रक्त साकळलं होतं, ते दाबून पसरलंय. आता हे ओसरल्याशिवाय सुई नाही घालता येणार. नाहीतर पुन्हा तेच, काही कळायचं नाही.”

“हात दाखवून अवलक्षण,” काका पुटपुटले. मावशीने त्यांना कोपराने ढोसलं.

तिला उत्तर लवकर हवं होतं, आणि तिच्याच बोटांनी ते लांबवलं होतं. घरी तिचा हात छातीकडे वळला की काका तिच्या पुढ्यात मटार सोलायला आणून ठेवत. कामावर त्याहून वाईट. प्रत्येक कड्यात तिला काहीतरी लागू लागलं. शिफ्ट सुटली तरी तिसरी पेटी भरलेलीच. “कात्रीबाई, कात्री हरवली काय?” साहेबांनी विचारलं. “धार गेलीये,” ती म्हणाली.

सूज उतरल्यावर तुकडा काढला. रिपोर्ट ऐकायला आम्ही तिघं एका बाकावर दाटीवाटीने बसलो.

“कॅन्सर नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काका चष्मा पुसायला लागले, आणि पुसतच राहिले.

“नक्की?” मावशीने विचारलं.

“या तुकड्यात नाही. सोनोग्राफीत जेवढं दिसलं होतं, त्याच्याशीही ते जुळतंय. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.”

“म्हणजे अजून शंकेच्याच पेटीत.”

“नाही हो, चांगल्याच पेटीत. फक्त हाताशी, वरच्या थरात.”

“पण आहे काय ते?”

“साधेच तंतू. कुठे कुठे दाट होतात. का, ते दर वेळी नाही सांगता येत.”

मावशी उठली. त्या दिवशी ती नीट जेवली आणि काकांना कुकरजवळ फिरकू दिलं नाही.

पुढच्या रविवारी मी गेले तर टेबलावर एका रबरी कड्याचे दोन तुकडे होते. शंकेच्या पेटीतलं कडं. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच कापलेलं कडं घरी आणलं होतं.

“तू इंजिनियर ना? बघ यात.”

मी खिडकीपाशी जाऊन मोबाइलमध्ये मोठं करून बघितलं. दोन्ही तोंडं काळीभोर, एकसारखी. ना फुगा, ना कण.

“काही नाहीये, मावशी. चांगलं होतं हे.”

तिने तुकडा माझ्या हातातून घेतला, डोळे मिटले आणि चिमटीत फिरवत नेला. एका जागी बोटं थांबली.

“हे बघ, इथे,” ती म्हणाली. “काही नाही, तर मग बोट अडखळतं कशाला?”