दिनेशच्या जाहिरातीवर रोज अकरा वेळा

आपल्या हाताखाली शिकलेला माणूस आपल्यापुढे गेला, तर तुम्हाला मनापासून आनंद होतो का? उत्तराची घाई करू नका.

मी डोंबिवलीत राहतो आणि कचेऱ्यांना इंटरनेटवर चालणारे फोन लावून देतो. प्रत्येक कचेरीत एखादा किस्सा पदरी पडतो. फोन जुने होऊन बदलले जातात, किस्से मात्र साचत राहतात. माझ्याजवळ साचलेले बहुतेक दिनेशचे आहेत.

दिनेश शहाडचा. सहा वर्षे माझा सहायक होता. आंबिवलीच्या एका कारखान्यात दोघा भावांना १०१ हाच अंतर्गत क्रमांक हवा होता. थोरल्याला दिला, तर धाकट्याने एकत्र जेवणे सोडले! मी तासभर बंधुप्रेमाविषयी बोललो. दिनेश थोरल्याला म्हणाला, "शेठ, १०१ गणपतीला देऊया ना!"

गणपतीच्या तसबिरीखालच्या फोनला १०१ मिळाला. भाऊ १०२ आणि १०३ झाले, आणि त्याच दुपारी एका डब्यातून जेवले.

गणपतीची रोज पूजा करतो मी, सुचले त्याला!

पुढे त्याने कल्याणात स्वतःचे दुकान थाटले. मी आशीर्वाद दिला. दुकान चालेल, असे मला वाटले नव्हते.

एकदा माझे भागीदार नेने यांनी संगणकावर 'ऑफिस फोन, ठाणे' असे शोधले. सर्वांत वर दिनेश, हसऱ्या छायाचित्रासह! शेजारी बारीक अक्षरांत 'प्रायोजित'. पूर्वी शोधल्यावर योग्य ते सापडे. आता ज्याने पैसे भरले, तो सापडतो.

"आपण कुठे आहोत?" मी विचारले.

"आहोत हो सर, तिसऱ्या पानावर. देव तरी शोधल्याबरोबर कुठे दिसतो?"

मी हसलो नाही.

ठाण्याच्या एका दंतवैद्य बाईंनी तर माझेच नाव टाकून शोधले. वर आला दिनेश. बाईंनी त्यालाच फोन केला. त्याने काय करावे? "मॅडम, तुम्हाला सर हवेत. त्यांचा नंबर लिहून घ्या," असे सांगून माझा क्रमांक दिला!

काम मला मिळाले. त्या रागाने मी दोन दिवस नीट जेवलो नाही. त्याने लबाडी केली असती, तर मला किती सोपे झाले असते!

जाहिरात कोणी उघडली की जाहिरातदाराचे पैसे कापले जातात, हे मला ठाऊक होते. त्या आठवड्यापासून सकाळची पूजा आटोपून कचेरीत आलो की मी माझ्या लॅपटॉपवर दिनेशची जाहिरात अकरा वेळा उघडू लागलो. मोजून अकरा. एके दिवशी नेन्यांनी पाहिले.

"अहो सर, कपाळावर गंध आणि हे काय?"

"व्यवसाय."

"यंत्राला तुमचा राग नाही हो कळत. त्याला वाटतं, तुम्हाला हा मुलगा फार आवडतो!"

मी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही.

महिन्याभराने टेंभी नाक्याजवळच्या एका पतपेढीत फोन लावले. काम पसंत पडले, तर उरलेल्या सहा शाखाही मलाच मिळणार होत्या. अध्यक्ष आप्पा आणि सगळे कर्मचारी समोर बसले होते. फोन कसे वापरायचे हे दाखवण्यासाठी मी तोच लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला आणि इंटरनेटवरचे माहितीचे पान उघडले. कोपऱ्यात दिनेश, हसतमुख. दुसरे पान उघडले. तिथेही दिनेश! तिसऱ्यावर तर दोनदा!

"हा कोण हो? जिथे तिथे आहे!" आप्पा म्हणाले. "फोन तपासायचाच आहे ना? मग यालाच लावा की!"

त्यांनी पडद्यावरचा क्रमांक स्वतःच फिरवला आणि स्पीकर चालू केला.

आप्पांनी माझे नाव सांगितले आणि विचारले, "हे आमच्याकडे फोन लावताहेत. काम कसं आहे यांचं?"

"सर आहेत तिथे? मग साहेब, मला कशाला विचारता? मी त्यांच्याकडेच शिकलेलो. त्यांच्यासारखं चोख काम ठाण्यात कोणी करत नाही."

आप्पा माझ्याकडे वळले. "पाहिलंत? आजच्या काळात अशी नम्रता!" आणि त्याच फोनवर त्यांनी सहाही शाखा दिनेशला दिल्या.

आवाज अगदी स्वच्छ येत होता.